फेलिक्स अंकल आणि शेवटचा बोल्ट

ठाकूरद्वारच्या मागे एक वाडी आहे. तिच्यात गाडी घालायची तर ओट्यावर बसलेल्या माणसांना पाय वर घ्यावे लागतात. या वाडीच्या टोकाला, लाकडी जिन्याच्या एका घरासमोर फेलिक्स अंकल जुन्या गाड्या दुरुस्त करायचे. गॅरेज म्हणावं असं तिथे काहीच नव्हतं. वर निळी ताडपत्री, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने, आणि जेमतेम एक गाडी मावेल एवढी फरशी. पाटीसुद्धा नव्हती. ज्यांच्या गाड्या पस्तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या आणि तरी ज्यांना त्या भंगारात घालवत नाहीत, अशी माणसं एकमेकांना विचारत विचारत त्यांच्यापर्यंत पोचायची. मीही तशीच पोचले.

माझ्याकडे बाबांची गाडी होती. घेतली तेव्हा पांढरी आणि आता सायीच्या रंगाची झालेली, गियरची दांडी स्टीअरिंगच्या खालीच असलेली. बाबा गेल्यावर ती विकायची असं घरात दोनदा ठरलं. पण आईचे गुडघे वाकेनासे झाले होते, आणि नव्या गाड्यांच्या खोलगट सीटवर तिला बसवायचं म्हणजे दोन माणसं लागत. बाबांच्या गाडीची पुढची सीट बाकासारखी सरळ. तिच्यावर आई आधी पाठ टेकवायची, मग एक एक पाय आत घ्यायची आणि कुणाच्या मदतीशिवाय बसायची. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिससाठी दादरहून परळला न्यावं लागे. म्हणून गाडी राहिली.

मग स्टीअरिंग हलायला लागलं. स्टीअरिंगचं चाक धरून उचललं की बोटभर वर यायचं, आणि रस्ता जरा खराब लागला की आतून खडखड आवाज. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणाला, "जुनी गाडी आहे मॅडम, चालायचंच." मी तशीच चालवत राहिले. शेवटी एकदा वळताना आई शेजारून म्हणाली, "तुझ्या हातात ते चाक सुटं असल्यासारखं दिसतंय गं." त्यानंतर मला धीर धरवेना.

अंकल तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. उंच, हडकुळे, गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी आणि धुवून धुवून जाळी झालेला शर्ट. मी वाडीत गाडी घातली तेव्हा ती थांबायच्या आधीच ते तिच्याबरोबर चालू लागले, खिडकीतून हात घालून चाकाला दोन बोटं लावून. मी इंजिन बंद केलं आणि सांगायला तोंड उघडलं.

"तू बोलू नको, बाय. गाडीला बोलू दे," ते म्हणाले. चाक वर-खाली केलं, डावीकडे-उजवीकडे केलं. "वरचं बेअरिंग गेलं. खालचं पण गेलं असणार. किती महिने चालवते अशी?"

"तीन."

"आवाज खोटं बोलत नाय. मालक बोलतो. किती?"

"सहा," मी म्हटलं.

"हां."

नक्की काय बिघडलंय ते मला कळलं पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. ते दोन ढांगांत घरात गेले आणि लाटणं घेऊन आले. वर्तमानपत्राची पुंगळी केली आणि लाटणं तिच्यात घातलं. स्टीअरिंगच्या चाकापासून गाडीच्या पुढच्या चाकांकडे एक लांब सळई जाते, ती म्हणजे लाटणं. ती एका नळीत फिरते, ती म्हणजे पुंगळी. नळीच्या दोन्ही टोकांना एक एक बेअरिंग असतं, ते सळईला मधोमध धरून ठेवतं. "ते झिजलं की लाटणं आत आपटते," ते म्हणाले आणि पुंगळी हलवून दाखवली. "आपटत आपटत एक दिवस..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. आतून त्यांच्या बायकोचा, सिसिलिया आंटीचा आवाज आला, "फेलिक्स, पोळ्या राहिल्यात माझ्या," आणि लाटणं परत गेलं.

अर्धी वाक्यं ही त्यांची सवयच होती. एक वाक्य संपायच्या आधी त्यांचे पाय दुसऱ्या कामाकडे निघालेले असायचे. आंटी चहा द्यायची, ते एक घोट घेऊन कप कुठेतरी ठेवायचे आणि संध्याकाळी आंटी वाडीभर फिरून कप गोळा करायची. एक बोनेटवर, एक जिन्याच्या कठड्यावर, एक वाडीतल्या क्रुसाच्या चौथऱ्यावर मेणबत्त्यांच्या शेजारी. जेवायचे उभ्याने, ताटली हातात घेऊन, खिडकीतून गाडीकडे बघत. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकामागे दाराशी उभे राहायचे, आणि प्रवचन लांबलं की हळूच बाहेर जाऊन उभ्या गाड्यांची टायर बघून यायचे. फादरनी एकदा त्यांना विचारलं, "फेलिक्स, देवाच्या घरात तुला बसायला काय होतं?" तर म्हणाले, "फादर, मी ऐकतो. फक्त पाय ऐकत नाय."

सिसिलिया आंटी अगदी उलट. ती मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली होती आणि पुस्तकातल्यासारखं सावकाश, स्वच्छ बोलायची. खिडकीतल्या वेताच्या खुर्चीत बसून ती दिवसभर क्रोशाचं विणकाम करायची. अंकलशी मात्र ती कधी कधी त्यांच्या घरच्या बोलीत बोलायची, जिच्यात 'मला' म्हणजे 'मना'. तिने एकदा मला लग्नाचा फोटो दाखवला. फोटोत ती झालरीच्या पोशाखात ठसठशीत उभी, आणि शेजारी एक उंच, धुरकट आकृती.

"फोटोग्राफरने तीनदा सांगितलं, हलू नका," आंटी म्हणाली. "तिन्ही फोटोंत हा असाच आलाय."

कामात मात्र या माणसाला घाई अजिबात चालायची नाही. वाडीत सगळे सांगायचे ती गोष्ट अशी. एका श्रीमंत घरच्या गृहस्थांची आजोबांच्या वेळची गाडी अंकलकडे आली होती. नातवाची वरात त्या गाडीतून काढायची होती. अंकलनी स्टीअरिंगचं चाक काढलं आणि आत बघितलं तर सळईवर ओरखडे. ते म्हणाले, अजून चार दिवस. गृहस्थ म्हणाले, वरात परवा आहे, चाक ठोकून बसवा आणि द्या, बाकीचं नंतर. संध्याकाळी त्यांनी ड्रायव्हर पाठवला. ड्रायव्हर बघतो तर गाडी आहे, किल्ली आहे, पण चाक नाही. अंकल चाक पिशवीत घालून चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेले होते. दीड तास प्रार्थना चालली आणि दीड तास ते चाक छातीशी धरून दाराशी उभे. ड्रायव्हर तिथे पोचला तेव्हा ते म्हणाले, "गाडी मागितली, गाडी ने. चाकाचं कोण बोललं?" शेवटी गृहस्थ स्वतः आले, रागावले, मग अंकलनी त्यांना सळईवरून बोट फिरवायला लावलं. वरात दुसऱ्या गाडीतून निघाली.

"नवरा पोचला ना?" अंकल विचारायचे. "मग झालं तर."

माझ्या गाडीसाठी त्या मापाचं बेअरिंग मिळेना. नवीन कुणी बनवत नव्हतं. तोवर गाडी त्यांनी वाडीतच ठेवून घेतली होती, आणि आईला मी कशीबशी टॅक्सीने नेत होते. अंकलना ते सहन होईना. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा, "अजून नाय मिळालं," एवढंच सांगायला. दहाव्या दिवशी ते म्हणाले, "चल, लालबागला जाऊ. तू पण बघ कशाला म्हणतात बेअरिंग." बसमधून उतरल्यापासून ते इतके भरभर चालत होते की मला जवळजवळ पळावं लागलं. मधेच एका सिग्नलपाशी ते थबकले. माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण कशाला आलो इथे?"

मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. मी हसून म्हटलं, "वरचं एक, खालचं एक." त्यांनी क्षणभर माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "बरोबर." मग परत भरभर चालायला लागले.

दुकान एका चाळीच्या तळमजल्यावर होतं. माणूस आडवा होऊनच आत जाईल एवढं, आणि आत छतापर्यंत खोकी. दुकानदार मालवणचे, तात्या नावाचे, अंकलच्याच वयाचे.

"काय रे फेलिक्स, माका वाटला तू गेलंस," तात्या म्हणाले.

"तुझ्या आधी नाय जाणार."

"खंयचा बेअरिंग व्हया?"

अंकलनी खिशातून नमुन्याचं एक जुनं बेअरिंग काढलं, माझ्यासारख्याच दुसऱ्या एका गाडीचं. तात्यांनी आतलं माप घेतलं, बाहेरचं घेतलं, जाडी बघितली. "गाडयेचा म्हणून मिळाचा नाय," ते म्हणाले. "पण गिरणीच्या एका मशीनीक ह्याच मापाचा लागायचा. थांब." ते शिडीवर चढले आणि बऱ्याच वेळाने तेलकट कागदात गुंडाळलेली पाच-सहा बेअरिंग्ज घेऊन उतरले.

अंकलनी एक उचललं, कानाशी धरून बोटाने फिरवलं आणि खाली ठेवलं. दुसरं फिरवलं, तेही ठेवलं.

"अरे, नवी आसत ती," तात्या म्हणाले.

"नवी आहेत. बरी नायत."

तिसरं त्यांनी बराच वेळ फिरवलं. मग माझ्या कानाशी आणलं. मला काहीच ऐकू आलं नाही. "काय ऐकू येत नाय ना? तेच पायजे," ते म्हणाले. पुढचं एक परत ठेवलं आणि त्यानंतरचं घेतलं. निघताना तात्यांनी त्यांना हाक मारली. माप घ्यायची त्यांची पट्टी काउंटरवर राहिली होती. अंकल ती घ्यायला परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. पट्टी विसरण्यात एवढं काय, असं मला वाटलं आणि मी ते तिथेच सोडून दिलं.

काम गुरुवारी केलं. मी रजा घेऊन दिवसभर तिथे होते, कारण त्यांनी बजावलं होतं की मालकाने समोर थांबायचं. बॅटरीची वायर काढली, हॉर्नचं बटण काढलं, चाकाच्या मधला मोठा नट सैल केला. चाक निघेना. मी म्हटलं, हातोडीने मारून बघा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. मग चाक ओढून काढायचा पुलर लावून, तो थोडा थोडा घट्ट करत, त्यांनी ते चाक आपणहून सुटेपर्यंत वाट बघितली. सळई बाहेर आली. जुनी बेअरिंग्ज निघाली, त्यांतल्या एकाच्या गोळ्या हातातच गळून पडल्या. ग्रीस लावून नवी बसवताना त्यांच्या हाताला कसलीही घाई नव्हती. पाय मात्र चालूच होते. जागच्या जागी, एकावरून दुसऱ्यावर.

एक गोष्ट मी त्या दिवशी पाहिली. फरशीवर त्यांनी खडूने यादी लिहिली होती. काढलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव, आणि ती परत बसली की पुढे बरोबरची खूण. मोठा नट, खूण. हॉर्नची वायर, खूण. मला ती पद्धत फार आवडली. कामाची शिस्त म्हणतात ती ही, असं मी मनात म्हटलं. अशी यादी ते गेल्या वर्षापासूनच लिहायला लागले होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी गाडी घेऊन निघाले. चाक हातात असं बसलं होतं की मला बाबांची आठवण झाली. घरी पोचेपर्यंत कुठे काही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आईचा डायलिसिसचा दिवस. सकाळी साडेसहाला मी तिला घेऊन निघाले आणि सातला ती आत गेली. तिथे फोनचा आवाज बंद ठेवावा लागतो. मी बाकावर बसून डुलक्या घेतल्या. साडेअकराला पर्समधून फोन काढला तर अंकलचे सतरा कॉल येऊन गेले होते. मी उलट फोन केला तर आंटीने उचलला.

"मेधा, तू कुठे आहेस?" ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा सावकाश नव्हता. "गाडी चालवू नकोस. तो सकाळीच निघालाय. फोन इथेच विसरून गेलाय."

मी आईला व्हीलचेअरवर घेऊन खाली आले. इस्पितळाच्या आवारात कडेला आमची गाडी उभी होती आणि तिच्या बोनेटवर दोन्ही तळवे टेकून फेलिक्स अंकल उभे होते. घरातल्या सपाता, कालचाच शर्ट, एका खिशात पाना आणि दुसऱ्यात बॅटरी. शेजारी आवाराचा वॉचमन, बिचारा कावराबावरा झालेला.

"मॅडम, हे तुमचे कोण?" तो म्हणाला. "तीन तास झाले, गाडीवरचा हात काढत नाहीत. खुर्ची दिली तर बसत नाहीत. म्हणतात, ही गाडी कुणी न्यायची नाही."

ते आधी दादरला आमच्या घरी गेले होते. गाडी नाही म्हटल्यावर शेजाऱ्यांना इस्पितळ विचारून तिथून परळपर्यंत चालत आले होते. टॅक्सी थांबवण्याइतकाही दम त्यांना धरवला नव्हता.

"कशी आली सकाळी?" त्यांनी मला विचारलं. "फास्ट आली?"

"नाही अंकल. काय झालं?"

"चावी दे. बोनेट उघड."

सळई खाली जिथे पुढच्या भागाला जोडली जाते तिथे एक बोल्ट असतो. तो पकड घेतो म्हणून चाक फिरवलं की गाडी वळते. तो सैल राहिला तर चाक नुसतंच फिरतं आणि गाडी सरळ जाते. सकाळी वाडीत पाणी आलं तेव्हा शेजारणीने नेहमीप्रमाणे अंगण धुतलं होतं. अंकल उठून बाहेर आले तर फरशी ओली आणि यादी गेलेली. आणि या बोल्टच्या, म्हणजे शेवटच्या, ओळीपुढे आपण खूण केली होती की नव्हती, हे त्यांना आठवेना.

ते आत वाकले. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात पाना. आई व्हीलचेअरवरून बघत होती. "तेच का गं स्टीअरिंगवाले?" तिने विचारलं. मी मान हलवली. सकाळी परळच्या रस्त्यावर एक शाळेची बस आडवी आली होती, मी तिला वळसा घालून पुढे आले होते, तेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

पाना हलला नाही. त्यांनी परत जोर लावला. बोल्ट पक्का होता.

"घट्ट आहे," ते म्हणाले.

मी सुटकेचा श्वास सोडला. "मग झालं तर, अंकल. उगाच काळजी केलीत तुम्ही."

ते बोनेटला धरून हळूहळू खाली आले आणि कडेच्या दगडी कठड्यावर बसले. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. वॉचमनने पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी हातात नुसतीच धरून ठेवली.

"झालं नाय, बाय," ते म्हणाले. "मी घट्ट केला, ते मला आठवत नाय. आज नाय आठवलं आणि केलेलं होतं. उद्या आठवेल केलं म्हणून, आणि केलेलं नसेल."

वय झालं की होतं असं, असलं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी पाना माझ्यापुढे धरला.

"तू लाव."

"मी?"

"तू लाव. माझ्यावर विश्वास ठेवू नको."

मी वाकून पाना बोल्टवर बसवला. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं तसा जोर लावला. हलत नव्हता. "परत," ते म्हणाले. मी परत लावला. "हलतो?" "नाही." "आता जा. आता ते तुला आठवेल."

मी त्यांना गाडीतून सोडते म्हटलं, आईनेही आग्रह केला. ते नको म्हणाले. आईला त्यांनी हात धरून सीटपर्यंत नेलं, तिने आपली आपण पाठ टेकून पाय आत घेतले ते कौतुकाने बघितलं, आणि फाटकापाशी उभे राहिले. मी रस्त्यावर वळले तरी आरशात ते तिथेच होते, आमच्या पुढच्या चाकांकडे बघत.

त्या रविवारी मी वाडीत गेले. ताडपत्री काढून घडी करून ठेवली होती. भिंतीवरचे पाने उतरवले होते, खिळे तेवढे राहिले होते. अंकल कुठे दिसले नाहीत. "चालायला गेलाय," आंटी म्हणाली. "बस. तुला एक सांगायचंय. त्याने वाडीत आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण तुला सांग म्हणालाय."

अंकल तेवीस वर्षांचे असताना गिरगावातल्या एका गॅरेजात कामाला होते. एका शनिवारी आपल्या गावच्या सणाला जायची घाई होती. एका टॅक्सीचं स्टीअरिंग जोडत होते, आणि तोच बोल्ट त्यांनी हाताने फिरवून ठेवला, पाना लावायचा राहिला. सोमवारी भायखळ्याच्या पुलाच्या उतारावर टॅक्सी वळली नाही. कठड्यावर आदळली. आत उतारू नव्हता, पण टॅक्सीवाल्याची मांडी मोडली. मालकाने आणि पोलिसांनी दोष टॅक्सीवाल्यालाच दिला, झोप लागली असेल म्हणून. खरं कारण एकट्या फेलिक्सला माहीत होतं.

"आठ दिवस जेवला नाही," आंटी म्हणाली. "मग इस्पितळात गेला आणि त्या माणसाला तोंडावर सांगितलं, माझ्यामुळे झालं. त्या माणसाचं नाव दामोदर. तो म्हणाला, 'मी उठलो की माझी गाडी तूच बघायची. दुसऱ्या कुणाकडे आता माझ्याने जाववणार नाही.' पुढे तीस वर्षं, दामोदर जाईपर्यंत, त्याची टॅक्सी याच फरशीवर यायची. लंगडत उतरायचा आणि समोर उभा राहायचा."

ती विणकाम मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होती.

"लोकांना वाटतं हा जन्मापासून असा. तसं नव्हतं. आमचं जमलं तेव्हा चौपाटीवर माझ्याबरोबर दोन-दोन तास बसून राहायचा, मीच म्हणायची, ऊठ आता. त्या सोमवारनंतर तो कुठे बसलाच नाही. बसलं की त्याला वाटतं, आपलं काहीतरी राहिलंय."

पुढच्या दोन वर्षांत डॉक्टरांनी त्यांच्या विसरण्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या. पाने त्यांनी ज्याला जे हवे ते देऊन टाकले. त्या बोल्टचा, तेरा नंबरचा, मला दिला. काम गेलं, पण पाय राहिले. ते सकाळी उठून चालायला लागायचे आणि परतीचा रस्ता कुठेतरी हरवायचा. एकदा माहीमच्या चर्चपाशी सापडले, एकदा शिवडीला. मुलगी परदेशातून फोनवर म्हणाली, दाराला कुलूप लाव. आंटीने कुलूप आणलं, एक दिवस लावलं. अंकल दिवसभर त्या दारासमोर या पायावरून त्या पायावर करत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी तिने कुलूप शेजारणीला देऊन टाकलं, विणकाम टोपलीत ठेवलं आणि चपला घालून ती त्यांच्याबरोबर निघाली.

"चौतीस वर्षं मी मुलांना 'एका जागी बसा' सांगितलं," ती मला फोनवर म्हणाली. "आता हा शिकवतोय, चल म्हणून. माझे पाय फार दुखतात, मेधा. पण त्याला मागून हाक मारली की तो थांबतो. नाव आठवत नाही, पण थांबतो."

या एप्रिलमध्ये मी त्यांना पाहिलं. आईला घेऊन परळहून परत येत होते, हिंदमाताच्या सिग्नलला थांबले होते. त्या दिवशी आईचा नंबर उशिरा लागला होता, दुपारचे तीन वाजून गेलेले, लग्नसराईची गर्दी, दुकानांच्या दारांत साड्यांचे ढीग. आईनेच दाखवलं, "ते बघ, तुझे अंकल."

एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर आंटी बसली होती. तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि फुटपाथवरचा चांभार तो शिवत होता. तिच्या पायांत अंकलचे काळे बूट होते, दोन माप मोठे, नाड्या व्यवस्थित बांधलेले. अंकल तिच्यापुढे अनवाणी उभे होते. फुटपाथ तापलेला होता, त्यामुळे ते एकेक पाय उचलत होते. चार पावलं गर्दीत जायचे, मग वळून पायरीकडे बघायचे, आणि परत येऊन तिच्या अंगावर सावली पडेल असे उभे राहायचे.

मी काच खाली करून हाक मारली. आंटीने ऐकलं. तिने हात केला आणि नंतर 'जा, जा' अशी खूण केली, कारण सिग्नल सुटला होता आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. अंकलनी तिच्या हाताच्या दिशेने पाहिलं. गाडी पाहिली, मला पाहिलं, ओळख काही दिसली नाही. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि सावली जरा सरकली होती म्हणून अर्धं पाऊल डावीकडे झाले.